पार्श्वभूमी : पडलेली सर्व्हिस कोण उठवणार?

लिनक्स सर्व्हरवर एखादी सर्व्हिस पडली की ती आपोआप उठावी, यासाठी आज सिस्टिमडी या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे त्या सर्व्हिसच्या सूचनांच्या फाइलमध्ये, ‘रीस्टार्ट’ची एक ओळ पुरते. ती ओळ लिहिता यावी म्हणून किती वर्षं घासाघीस झाली, हे नव्याने या कामात आलेल्यांच्या कानावरही नसतं.

खरं तर युनिक्सला ही विद्या फार पूर्वीपासून येत होती. सिस्टिम फाइव्ह या जुन्या युनिक्सच्या इनिटटॅब या फाइलमध्ये ‘रीस्पॉन’ लिहिलं की प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) मेल्याबरोबर इनिट, म्हणजे मशीनवर सगळ्यात आधी सुरू होणारी प्रोसेस, ती पुन्हा उभी करायचा. टर्मिनलवरून लॉगआउट केल्यावर लगेच पुढचा लॉगिन समोर यायचा तो यामुळेच. त्याला लगामही होता. लिनक्सवरच्या इनिटमध्ये २ मिनिटांत १० पेक्षा जास्त वेळा तीच प्रोसेस उठवावी लागली, तर कन्सोलवर तसा शेरा यायचा आणि इनिट ५ मिनिटं तिचा नाद सोडायचा. पण वेब, मेल, डेटाबेस यांची नोंद सहसा तिथे नसे. त्या सुरू करायच्या आरसी स्क्रिप्टांनी, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टांनी, आणि स्क्रिप्ट एकदा सुरू करून दिलं की मोकळी.

हे असं का झालं, याचं उत्तर ‘बॅकग्राउंड’ या शब्दात आहे. या एका शब्दाने जेवढा घोळ घातला तेवढा कुठल्याच सॉफ्टवेअरने घातला नसेल. आपण बोलताना बॅकग्राउंड म्हणजे ‘समोर कुणी बसलेलं नसताना चालणारं’ एवढंच म्हणतो. डीमन (अशा पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिस) लिहिणाऱ्यांच्या लेखी मात्र त्याचा अर्थ एक ठरलेली कृती असा होता : फोर्क करायचा, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढायची, मूळ प्रोसेस संपवायची, टर्मिनलपासून तोडून घ्यायचं, पुन्हा फोर्क करायचा. यातून उरलेली प्रोसेस पोरकी होते आणि इनिट तिला दत्तक घेतो. ती मेली की इनिटला कळतं, पण ती वेब सर्व्हर होती की मेल सर्व्हर, याचा त्याच्याकडे पत्ता नसतो. ज्याने सुरू केलं तो केव्हाच निघून गेलेला, आणि जो उरला तो ओळखत नाही. मग उठवणार कोण?

त्यावर तोड निघाली पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) फाइलची. डीमनने आपला क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा, राखणदाराने तो वाचून पाहायचा. पण वीज गेली, मशीन लटकलं, की फाइल मागे राहते आणि प्रोसेस गेलेली असते. लिनक्सवर हे क्रमांक बराच काळ ३२७६८ च्या आत फिरत असत, त्यामुळे जुना क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळालेला असण्याची शक्यता खरी होती. दुसरा उपाय म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून दर ५ मिनिटांनी ‘पीएस’ने दिलेल्या चालू प्रोसेसच्या यादीत ‘ग्रेप’ या शोधणाऱ्या कमांडने नाव शोधणारी स्क्रिप्ट. २००५ च्या सुमारास मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर अशी स्क्रिप्ट होती. मेल रात्रभर बंद, आणि लॉगमध्ये दर ५ मिनिटांनी ‘चालू आहे’. ग्रेपला यादीत स्वतःचीच ओळ सापडत होती, कारण शोधायचं नाव तिच्यातही होतं. त्या सकाळपासून ‘चालू आहे’ हे दोन शब्द मी तपासल्याशिवाय मानत नाही.

मायएसक्यूएल या डेटाबेससारख्यांनी आपला राखणदार आपणच आणला. ‘सेफ’ नावाची ती शेल स्क्रिप्ट डेटाबेस पडला की लूपमध्ये पुन्हा सुरू करायची. म्हणजे घरटी एक पहारेकरी.

मुळावर घाव घातला तो डीमनटूल्स या राखणदार सॉफ्टवेअरने. त्याची ०.७६ ही आवृत्ती २००१ ची. त्याचं म्हणणं सरळ होतं : सर्व्हिसने फोर्क करून पळायचंच नाही, फोरग्राउंडमध्ये राहायचं. मग सुरू करणारा राखणदार हाच तिचा पालक राहतो, मृत्यूची बातमी थेट त्यालाच मिळते, फाइल नको की शोधाशोध नको. बदललेली प्रत वाटायला लायसन्सची आडकाठी २००७ अखेरपर्यंत होती, त्यामुळे लिनक्सच्या मुख्य डिस्ट्रिब्यूशनांनी (तयार संचांनी) ते जवळ केलं नाही. विचार मात्र रनिट, सुपरवायझरडी या पुढच्या राखणदारांत उतरला. २००५ मध्ये सोलारिस १० ही युनिक्स आणि मॅक ओएस एक्स १०.४ यांनी हे काम थेट सिस्टिमकडे घेतलं. मॅकच्या लाँचडी या राखणदाराने तर डीमनांना फोर्क करून निसटायला सरळ मनाई केली.

लिनक्सवर २००६ मध्ये आलेल्या अपस्टार्ट या नव्या इनिटला जुने डीमन तसेच सांभाळायचे होते, म्हणून तो फोर्क मोजत बसायचा. एक की दोन, हे आपण सांगायचं. आकडा चुकला की तो नसलेल्या क्रमांकाची वाट पाहत अडकायचा, आणि पुष्कळांनी शेवटी मशीन रीबूट करून सुटका करून घेतली. सिस्टिमडीने २०१० मध्ये मोजणीच सोडली. कर्नलच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या गटाला घातलेल्या कुंपणात, सर्व्हिस कोंडली की ती कितीही फोर्क करो, कुंपणाबाहेर जात नाही.

२०१४ मध्ये डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनच्या समितीत समसमान मतं पडून अध्यक्षाच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आला, तेव्हा भांडण बायनरी लॉग आणि अवाढव्य आकारावर पेटलं. त्या आक्षेपांत तथ्य होतं. पण राखणीचा वीस वर्षांचा प्रश्न सुटला, हे त्या धुरळ्यात कुणी मोठ्याने म्हटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. शिवाय सिस्टिमडीत ‘रीस्टार्ट’चं मूळ सेटिंग ‘नको’ असंच आहे. सांगितल्याशिवाय तो उठवत नाही. सांगितलं, तर १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झाल्यावर थांबतो.

कंटेनर (प्रोग्रामची स्वतंत्र बंदिस्त खोली) सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये पडणारा कंटेनर १०, २०, ४० सेकंद असं वाढत्या अंतराने उठवला जातो, आणि हे अंतर वाढणं मुळात जिथे थांबतं ती मर्यादा पुन्हा ५ मिनिटांचीच. कंटेनर तर पहिल्या प्रोसेसवरच जगतो. ती फोर्क करून निघून गेली की कंटेनर संपला. म्हणून एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) सुरू करण्याच्या कमांडलाच ‘डीमन ऑफ’ जोडलेलं आहे.