पीडीएक्स१ : प्रोटीन एकच, पण अल्फा, बीटा, डेल्टा पेशींत वागणं वेगळं

स्वादुपिंड म्हटलं की बहुतेकांना इन्सुलिनच आठवतं, पण इन्सुलिनवाली बेटं (पेशींचे छोटे पुंजके) म्हणजे जेमतेम एक-दोन टक्के भाग, बाकी जवळपास सगळं पाचक एन्झाइम्स बनवणाऱ्या असिनार पेशी आणि तो रस आतड्यापर्यंत नेणाऱ्या नळ्या. पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये वर्णन केलेल्या या बेटांतही पुन्हा प्रकार आहेतच, बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, अल्फा साखर वाढवणारं ग्लुकागॉन, डेल्टा या दोन्हींना आवर घालणारं सोमॅटोस्टॅटिन. डीएनए मात्र सगळ्यांचा सेम! मग कोणी काय बनवायचं हे ठरतं कसं?

ते ठरवणाऱ्यांपैकी एक मोठं नाव म्हणजे पीडीएक्स१. हे प्रोटीन पेशीकेंद्रात डीएनएला चिकटतं आणि काही जीन्स चालू करतं, काही दाबून ठेवतं. गर्भात स्वादुपिंड घडताना तर त्याच्याशिवाय पानही हलत नाही, १९९४ मध्ये उंदरांत हा जीन काढला तर स्वादुपिंडच तयार झालं नाही, आणि १९९७ मध्ये जन्मतः स्वादुपिंड नसलेल्या एका बाळात याच जीनच्या दोन्ही कॉपी बिघडलेल्या सापडल्या. एकच कॉपी बिघडली असेल तर स्वादुपिंड बनतं, पण कमी वयात डायबिटीस होऊ शकतो, त्याला मोडी-४ म्हणतात.

मोठेपणी चित्र बदलतं. बीटा पेशीत पीडीएक्स१ भरपूर, तिथे ते इन्सुलिनचा जीन चालवतं आणि साखर ओळखणाऱ्या ग्लुकोकायनेजचाही. डेल्टा पेशीतही ते असतं पण तिथे सोमॅटोस्टॅटिनच्या जीनला हात देतं, असिनारमध्ये थोडंसंच असतं आणि अल्फामध्ये जवळजवळ नसतंच. म्हणजे नुसतं ते असून भागत नाही, किती आहे आणि सोबत दुसरी कुठली प्रोटीन्स आहेत यावर सगळा खेळ. आणि उंदरावरून माणसाचं सरसकट ठरवू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण मॅफबी नावाचं असंच एक प्रोटीन मोठ्या उंदराच्या बेटांत फक्त अल्फा पेशीत दिसतं, माणसात ते अल्फा आणि बीटा दोन्हीत असतं.

उंदराच्या वाढ झालेल्या बीटा पेशीतून पीडीएक्स१ काढून टाकलं तर ती झपाट्याने अल्फासारखी वागायला लागते, मला हे फार थक्क करणारं वाटतं, पेशीची ओळख एकदा ठरली की संपलं असं नाहीये, ती रोज टिकवावी लागते. टाइप २ डायबिटीस असलेल्या माणसांच्या बीटा पेशींतही पीडीएक्स१ कमी झालेलं दिसलंय, म्हणजे काही पेशी मेलेल्या नसतील, जिवंत असूनही इन्सुलिनचं काम सोडून बसल्या असतील.

याच्या उलटा प्रयोग २०१९ मध्ये जिनिव्हातल्या टीमने केला, माणसाच्या अल्फा पेशींत पीडीएक्स१ आणि मॅफए नावाचं बीटा पेशीतलं आणखी एक प्रोटीन घातलं तर त्या साखर वाढली की इन्सुलिन सोडायला लागल्या, आणि डायबिटीस असलेल्या उंदरांत बसवल्यावर त्यांची साखरही उतरली. तरी त्या पूर्ण बीटा झाल्या नव्हत्या, अल्फाच्या बऱ्याच खुणा तशाच राहिल्या होत्या.