पार्श्वभूमी: हँडगनवरची दुर्बीण आणि पटींचा वाद

हँडगनवर, म्हणजे हातात धरून चालवायच्या पिस्तुलावर किंवा रिव्हॉल्व्हरवर, लावायला वर्धक दुर्बीण घेणारा माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती पटीची?’ हा. या प्रश्नामागे साठेक वर्षांचा इतिहास आहे आणि तो जवळजवळ सगळा अमेरिकेत घडला आहे, कारण रिव्हॉल्व्हरने किंवा एकनळी पिस्तुलाने हरणाची शिकार करण्याची रीत तिथे रुजली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. आपली पिस्तूल नेमबाजी चालते ती ऑलिंपिकच्या नियमांवर, आणि त्या नियमांत पिस्तुलाची साईट (नेम धरायची खूण) उघडीच हवी, दुर्बिणीला जागा नाही. कोल्हापूरच्या नेमबाजाने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले तेही उघड्या साईटवरच. त्यामुळे कमी पट बरी की जास्त, हा पुढचा वाद मराठी वाचकाला दूरचा वाटेल. पण भिंग, हात आणि डोळा यांचे गणित कुठेही तेच असते.

रायफलवर दुर्बीण फार आधी आली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 दरम्यान, निवडक नेमबाजांच्या रायफलींवर नळीइतक्याच लांब दुर्बिणी होत्या. हँडगन मात्र त्यानंतर शंभर वर्षे कोरडी राहिली. एक कारण काडतुसाचे होते. 1935 मध्ये .357 मॅग्नम आणि 1955 मध्ये .44 मॅग्नम आले, तेव्हा कुठे हँडगनची गोळी शंभर यार्डांवर (सुमारे 91 मीटर) मोठ्या जनावराला पुरी पडू लागली. त्याआधी तेवढ्या अंतरावर नेम धरायची गरजच क्वचित पडे. दुसरे कारण डोळ्याच्या अंतराचे होते आणि तेच जास्त अवघड होते.

दुर्बिणीच्या मागच्या भिंगापासून डोळा जितका दूर ठेवला की पूर्ण चित्र दिसते, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. रायफलच्या दुर्बिणीत ते तीन-चार इंच असते, कारण गाल दस्त्याला टेकलेला असतो. हँडगन हात लांब करून धरतात, म्हणजे डोळा दीड फुटाच्या आसपास मागे. रायफलची दुर्बीण तिथून पाहिली तर काळ्या नळीच्या टोकाला एक ठिपका दिसतो. म्हणून हँडगनसाठी भिंगांची रचना मुळातूनच वेगळी करावी लागली. ती जमली, पण तिची किंमत दृष्टिक्षेत्राने मोजावी लागली. खिडकीपासून मागे सरत गेले की बाहेरचे कमी कमी दिसते, तसाच हा प्रकार. मागच्या भिंगाचा व्यास साधारण तेवढाच राहतो, डोळा मात्र पाचपट दूर जातो.

आकडे पाहिले की हे नीट कळते. त्या काळच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी कंपनीच्या चार पटीच्या रायफल दुर्बिणीतून शंभर यार्डांवर सुमारे 24 फूट रुंदीचा भाग दिसे. त्याच कंपनीच्या चार पटीच्या हँडगन दुर्बिणीतून दिसे सुमारे 9 फूट. दोन पटीच्या हँडगन दुर्बिणीतून 21 फूट. आजवरच्या सगळ्या वादाची मुळे या तीन आकड्यांत आहेत.

हँडगनसाठी खास बनवलेल्या दुर्बिणी 1960 च्या दशकात बाजारात रुळल्या. सुरुवातीच्या दुर्बिणींचे वर्धन अगदी माफक होते, एका मालिकेत तर 1.3 पट आणि 2.5 पट असे दोनच पर्याय. 1.3 पट हा आकडा आज विचित्र वाटतो. बनवणाऱ्यांना लांबचे मोठे करून दाखवायचे नव्हते. क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) आणि लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. उघड्या साईटवर नेम धरताना मागची साईट, पुढची साईट आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी डोळ्याला सांभाळाव्या लागतात. चाळिशी उलटली की त्यातली मागची साईट धूसर होऊ लागते. शिवाय दोन साईटमधले अंतर 25 सेंटीमीटर असेल, तर त्या एकमेकींपासून 1 मिलिमीटर सरकल्या तरी 100 मीटरवर गोळी 40 सेंटीमीटर बाजूला जाते. दुर्बिणीने ही चूक जवळजवळ पुसून टाकली. माझ्या मते हँडगनवरच्या दुर्बिणीची खरी देणगी हीच, आणि ती सव्वा पटीलाही पूर्णपणे मिळते.

याच दशकात दोन पिस्तुले आली आणि त्यांनी चित्र बदलले. 1963 मध्ये .221 फायरबॉल काडतुसाचे, बोल्टचे (हाताने कडी मागेपुढे ओढून भरायचे), एका वेळी एकच गोळी घेणारे पिस्तूल आले. त्याच्या रिसिव्हरवर, म्हणजे नळीमागच्या धातूच्या भागावर, दुर्बिणीसाठी भोके कारखान्यातूनच पाडलेली होती. 1967 मध्ये न्यू हॅम्पशायरहून मधोमध मोडणारे एकनळी पिस्तूल आले, ज्याची नळी बदलून वेगवेगळी काडतुसे वापरता येत. रिव्हॉल्व्हरच्या तुलनेत ही दोन्ही अधिक अचूक होती आणि त्यांची गोळी सपाट जाई. दोनशे यार्डांवरचे छोटे जनावर मारण्याची इच्छा इथून सुरू झाली, आणि तिच्या पाठोपाठ जास्त पटींची मागणी.

1975 मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला हँडगनच्या धातू-आकृती स्पर्धेची सुरुवात झाली. हा खेळ मूळचा मेक्सिकोचा. पोलादी कोंबडी 50 मीटरवर, डुक्कर 100 वर, टर्की 150 वर आणि मेंढा 200 मीटरवर. नुसते लागून भागत नाही, आकृती पडली पाहिजे. सुरुवातीचे नियम उघड्या साईटचेच होते, ‘कोणतीही साईट’ असा वर्ग नंतर निघाला. तरीही दुर्बिणीच्या इतिहासात या खेळाचे वजन मोठे आहे. त्याने हजारो लोकांना पटवले की हँडगन 200 मीटरची असू शकते, आणि त्यासाठी लांब नळ्या व दणकट काडतुसे बाजारात आली. तीच पिस्तुले शिकारीला गेली तेव्हा त्यांच्यावर दुर्बिणी चढल्या.

आता पटींचा वाद. 1970 च्या दशकाच्या शेवटापर्यंत निवड सोपी होती: झाडीतल्या शिकारीसाठी स्थिर दोन पट, मोकळ्या रानासाठी स्थिर चार पट. 1980 च्या दशकात बदलत्या पटींच्या दुर्बिणी, म्हणजे 2 ते 7, पुढे 2.5 ते 8 आणि 3 ते 12 सुद्धा, दुकानांत दिसू लागल्या. त्यांच्या बाजूने मांडलेला मुद्दा वरवर बिनतोड होता. खालच्या पटीवर ठेवा, मग ती जुन्या दोन पटीसारखीच. गरज पडली तर वाढवा. टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात हे तपासताना जास्त पट खरोखर कामाला येते. सपाट माळावर, टेकवून, बिळातल्या छोट्या प्राण्यांवर नेम धरणाऱ्यांनाही ती हवीच होती.

पण रानात उभ्याने किंवा बसून गोळी मारणाऱ्यासाठी हा हिशेब चुकतो, आणि तो का चुकतो हे जाहिरातींनी कधी नीट सांगितले नाही. दुर्बिणीच्या मागून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट एवढी असते. 20 मिलिमीटर भिंगाच्या दोन पटीच्या दुर्बिणीत ती 10 मिलिमीटर भरते. 32 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण आठ पटीवर नेली की उरतात 4 मिलिमीटर. रायफलवर 4 मिलिमीटर पुरतात, कारण गालाने डोके जागेवर धरलेले असते. हँडगनमध्ये डोक्याला कशाचाच आधार नसतो. लांब केलेल्या हाताच्या टोकाला असलेल्या त्या 4 मिलिमीटरच्या झोतात डोळा बरोबर बसला नाही, तर दिसते काळी चंद्रकोर. हात पुढेमागे करण्याची सूटही पट वाढेल तशी आकसत जाते. जनावर समोर असताना नेमबाज नेम धरण्याऐवजी चित्र शोधत राहतो.

दुसरी गोष्ट थरथरीची. पट वाढवल्याने हात जास्त हलत नाही, पण हललेले जास्त दिसते. रायफलला खांदा, गाल आणि दोन हात असा आधार आहे. हँडगनला फक्त मनगटे. सात पटीवर क्रॉसहेअर जनावराच्या खांद्यावरून नाचताना दिसतो, मग माणूस तो नेमक्या ठिकाणी येईल त्या क्षणी ट्रिगर ओढायला जातो आणि झटका देतो. दोन पटीवर तीच थरथर सुसह्य वाटते, बोट हळू दाबले जाते. तिसरी गोष्ट वजनाची. दोन पटीची साधी दुर्बीण सुमारे 170 ग्रॅमची, बदलत्या पटीची 300 ग्रॅमच्या पुढे. .44 किंवा त्याहून जड काडतुसाच्या धक्क्याने रिव्हॉल्व्हर वर उसळते तेव्हा हे वजन जागेवरच राहू पाहते आणि सगळा ताण स्क्रूंवर येतो. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या दोन रिंगांच्या जागी तीन, चार रिंगा लावण्याची पद्धत याच अनुभवातून आली. 1987 मध्ये बाजारात आलेल्या एका मोठ्या रिव्हॉल्व्हरची तर फ्रेमच पुढे वाढवून तिच्यात रिंगांच्या खाचा कोरलेल्या होत्या, म्हणजे दुर्बीण धरण्याचे काम बारीक स्क्रूंकडे उरले नाही. दुर्बिणीच्या बाबतीत त्या काळात झालेली ही सर्वांत शहाणी सुधारणा, असे माझे मत आहे, आणि तिचा पटींशी काहीही संबंध नव्हता.

हे सगळे माहीत असूनही बाजार जास्त पटींकडेच झुकला. डब्यावर छापलेला मोठा आकडा विकायला सोपा जातो. आय रिलीफ, झोताची जाडी, दृष्टिक्षेत्र हे दुकानाच्या काउंटरवर दिसत नाही. जनावर ओळखायला जास्त पट हवी, हाही मुद्दा पुढे केला जाई. शिंगे मोजायला दोन डोळ्यांची दुर्बीण असते, भरलेली बंदूक नव्हे. सुरक्षिततेच्या या साध्या नियमाकडे वादात फार कमी लोकांनी लक्ष दिले, याचे मला अजून वाईट वाटते.

स्थिर दोन पटीला खरा धक्का दिला तो मात्र शून्य वर्धनाने. 1975 मध्ये स्वीडनमध्ये बॅटरीवर चालणारी लाल ठिपक्याची साईट बनली. तिच्यात काहीच मोठे दिसत नाही, पण डोळा कुठेही असला तरी ठिपका दिसतो. आय रिलीफची अट तिला नाही. 1990 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या हँडगन स्पर्धा या ठिपक्याने जिंकल्या गेल्या आणि थोड्याच काळात वेगाच्या स्पर्धांत उघड्या साईटवाल्यांसाठी वेगळा विभाग करावा लागला. जवळच्या शिकारीतही ठिपक्याने हळूहळू दोन पटीची जागा घेतली. आता पिस्तुलाच्या स्लाइडवरच (गोळी सुटताना मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर) बसणाऱ्या नखाएवढ्या साईट्स आहेत आणि कारखाने त्यासाठी स्लाइड आधीच कापून देतात. दोन पटीची दुर्बीण एका बाजूने ठिपका आणि दुसऱ्या बाजूने बदलती पट यांच्यामध्ये चेपली गेली. पन्नास ते शंभर यार्डांच्या टप्प्यात, जिथे ठिपका लक्ष्याचा मोठा भाग झाकू लागतो आणि आठ पट नाचू लागते, तिथे तिची बरोबरी अजून कोणी केलेली नाही.

एक आडवाटेची गोष्ट सांगायला हवी. हँडगनसाठी बनवलेली दोन पटीची दुर्बीण 1980 च्या दशकात रायफलवर गेली. हलक्या, आखूड रायफलवर दुर्बीण पुढे नळीवर बसवायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरायचा, अशी ‘स्काउट’ रायफलची कल्पना होती. पुढे या कामासाठी नऊ ते बारा इंच आय रिलीफच्या वेगळ्या दुर्बिणी निघाल्या आणि त्यांतल्या काही लोक आजही चुकून हँडगनसाठी घेतात. हात कोपरात वाकवून धरल्याशिवाय त्यांत पूर्ण चित्र येत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत हँडगन दुर्बिणींचा बाजार आक्रसला आहे. एका जपानी कॅमेरा कंपनीने 2020 च्या सुमारास बंदुकीच्या दुर्बिणींचा व्यवसायच सोडला. 1967 चे ते एकनळी पिस्तूल बनवणारा कारखाना 2021 मध्ये विक्रीला काढला गेला. उरलेल्या हौशींपैकी एक गट तर हँडगन दुर्बिणीकडे वळतच नाही. बोल्टचे पिस्तूल पुढून दुपायीवर आणि मागून पिशवीवर टेकवायचे, पालथे झोपायचे, डोके दुर्बिणीजवळ आणायचे आणि वर सरळ रायफलचीच उच्च पटीची दुर्बीण लावायची, अशी त्यांची पद्धत आहे. दृष्टिक्षेत्र परत मिळते, झोत सापडतो आणि पाचशे यार्डांच्या पुढची लक्ष्येही आवाक्यात येतात. डोळा पुन्हा तीन-चार इंचांवर येतो. त्यामुळे या गटासाठी काडतूस हलक्या धक्क्याचे निवडणे ही पहिली अट ठरते, नाहीतर दुर्बिणीची कड भुवईवर बसते.