लांबीच्या मापांचे रूपांतर : ब्रिटिश व मेट्रिक

इंच, फूट, वार, मैल यांतील लांबी मेट्रिक एककांत मांडणे किंवा याउलट करणे. भारतात मेट्रिक पद्धती १९५६ च्या कायद्याने आली. १ इंच = २५.४ मिमी. हे नाते नेमके आहे; त्यावरून १ फूट = ०.३०४८ मी., १ वार = ०.९१४४ मी. आणि १ मैल = १.६०९३४४ किमी.

ही मूल्ये १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील आहेत. भारतीय सर्वेक्षणातील फूट किंचित आखूड असून त्याची मूल्ये वेगवेगळी आढळतात : ०.३०४७९८४१ मी. (१९३७) व ०.३०४७९९५ मी. (१९७५). एव्हरेस्ट विवृत्तजाचा (भारतीय नकाशांसाठी मानलेल्या पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलाकाराचा) अर्धा बृहदक्ष, म्हणजे विषुववृत्तावरील त्रिज्या, २,०९,२२,९३१.८ फूट, पहिल्या मूल्याने तो ६३,७७,२७६.३४५ मी., तर दुसऱ्याने ६३,७७,२९९.१५१ मी. भरतो. भारतातील नकाशांसाठी सामान्यतः दुसरे मूल्य ग्राह्य मानणे इष्ट.

नागपूरच्या झिरो माईल (शहरांची अंतरे कोरलेला दगडी स्तंभ असलेले स्थळ) येथील खुणेची समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट दिली जाते. हे स्थळ भारताचा भौगोलिक मध्य असल्याचा समज रूढ आहे. तथापि तेथील १९०७ च्या सुमाराची खूण तलेक्षणाची (उंची मोजण्याची) प्रमाण खूण मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ०.३०४८ ने गुणल्यास ही उंची ३१०.९४८ मी. येते; १९७५ च्या फुटाने फरक अर्ध्या मिलिमीटरचाच. मूळ आकडा फुटाच्या सहस्रांशापर्यंत असल्याने मीटरमध्येही तीन दशांशस्थळे योग्य ठरतात. स्तंभावरील हैदराबादचे अंतर मात्र पूर्ण मैलांत, ३१८ आहे. ते ५१२ किमी. लिहावे, ५११.७७ लिहिल्यास मूळ मोजणीत नसलेला काटेकोरपणा दिसतो.

बांधकामात इंचाचे आठ सूत धरतात, म्हणजे १ सूत = ३.१७५ मिमी. ‘चार सूत’ सळई हिशेबाने १२.७ मिमी. होते, पण दुकानात मिळते ती १२ मिमी.ची. वजन व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने (किग्रॅ. प्रतिमीटर = व्यास मिमी.² ÷ १६२) सुतावरून काढलेले वजन सुमारे १२ टक्के जास्त येते.

फूट-इंच दशांश समजून गणकयंत्रात घालणे ही नेहमीची चूक होय. ब्रॉडगेजचे ५ फूट ६ इंच म्हणजे ५.५ फूट, १,६७६.४ मिमी. (रेल्वेत १,६७६), ५.६ घातल्यास १,७०७ मिमी. येतात. नागपूर–छिंदवाडा मार्गाच्या जुन्या नॅरोगेजचे २ फूट ६ इंच बरोबर ७६२ मिमी. भरतात.