उरलेला भात गाईला घालताय? आधी तिचं पोट कसं चालतं ते बघा

एप्रिल-मेमध्ये घोडबंदर रोडचे लॉन असोत की कल्याण-मुरबाड रोडवरचे हॉल, लग्न उरकलं की भात, पुऱ्या, जिलब्या पातेली भरून उरतात आणि कोणीतरी म्हणतंच, फेकू नका, गाईला घाला. भावना चांगलीच आहे. पण सवय नसताना एकदम पाटीभर भात खाल्लेली गाय दुसऱ्या दिवशी आडवी पडू शकते, मरूही शकते. असं का होतं ते कळलं ना, तर गोठा सांभाळणाऱ्यालाही खूप काही कळतं.

गवत खाते गाय, पण ते पचवतात तिच्या कोटीपोटातले जंतू. पोटाचे चार कप्पे, त्यातला हा सगळ्यात मोठा, मोठ्या गाईत 100 लिटरच्याही वर माल मावतो, आत साधारण 39 डिग्री तापमान, ऑक्सिजन जवळपास नाहीच, आणि इडलीचं पीठ आंबावं तसा चारा तिथे चोवीस तास आंबत असतो. त्यातून जी आम्लं तयार होतात ती रक्तात जातात आणि गाईची साधारण 70 टक्के एनर्जी त्यांतूनच येते. पुढे हे जंतूही वाहत जाऊन पचतात, ते तिचं प्रोटीन. म्हणजे गव्हाणीत टाकलेलं आधी जंतूंचं जेवण, मग गाईचं.

एवढं आम्ल तयार होतं मग पोट बिघडत कसं नाही, तर लाळेमुळे. गाय दिवसाला 100 लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेत बायकार्बोनेट असतं, खायच्या सोड्यात असतं तेच. ही लाळ सुटते चावण्याने, रवंथ करण्याने, आणि भरपूर रवंथ करायला लावतो तो पेंढा, कडबा, लांब गवत. भात चावावाच लागत नाही, त्यामुळे लाळ कमी.

आणि शिजलेला स्टार्च जंतूंना लगेच मिळतो. मग स्टार्च खाणारे बॅक्टेरिया भराभर वाढतात, लॅक्टिक आम्ल साठत जातं, एरवी 6 ते 7 असणारा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या खाली जातो, चारा पचवणारे जंतू मरतात आणि कोटीपोट हलायचं थांबतं. शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं, डोळे खोल जातात, पातळ आंबट वासाचं शेण पडतं, पुढे आम्ल रक्तात जातं. वाचली तरी नंतर खूर दुखून लंगडणं, लिव्हरमध्ये गळू असे त्रास मागे लागू शकतात.

त्यात आपली दमट हवा. उन्हाळ्यात गाय धापा टाकते, तोंडातून लाळ गळते, म्हणजे सोडा बाहेर गेला, आणि धापांमुळे रक्तातलंही बायकार्बोनेट कमी होतं. नेमकी लग्नसराईतच तिची आम्ल झेलायची ताकद कमी असते! म्हशीचं तर विचारूच नका, काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी कमी, तबेल्यात अंगावर पाणी मारायलाच हवं. वैरण सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त टाकावी कारण चारा आंबतानाही उष्णता तयार होते.

अमेरिकेत मांसासाठी गुरं मक्यावर वाढवतात, तिथेही गवतावरून धान्यावर आणायला साधारण 3 आठवडे घेतात, टप्प्याटप्प्याने, जंतूंना बदलायला वेळ लागतो म्हणून. शहापूरच्या गोठ्यात पेंड किंवा भरडा वाढवतानाही हाच हिशोब, आणि आधी वैरण मग आंबोण, म्हणजे हे पेंड-भरड्याचं खाणं. वाशी मार्केटचा भाजीपाला आणत असाल तर तोही थोडा थोडाच, आणि कांदा ढिगाने तर अजिबात नको, त्याने गुरांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

माझ्या मते महागड्या टॉनिकपेक्षा रोज दहा मिनिटं गोठ्यात नुसतं बघत उभं राहणं जास्त कामाचं. निवांत बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करताना दिसली पाहिजेत. डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यावर, मूठ दाबून ठेवा, कोटीपोट मिनिटाला एक-दोनदा हाताला ढकलतं. ते ढकलणं बंद, रवंथ बंद आणि पोट फुगलेलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे. किती भात खाल्ला आणि कधी, ते आधी सांगा, सोडा द्यायचा की पोट उघडून भात काढायचा ते त्यावर ठरतं. ते येईपर्यंत बाटलीने तेलबिल पाजू नका, आडव्या पडलेल्या गाईला तर नाहीच, ठसका लागला की ते सरळ फुफ्फुसात जातं.