सहा सिलिंडर मोटारीचा एक्झॉस्ट : रचना व सुधारणा

सहा सिलिंडर इंजिनाच्या जुन्या मोटारीत जळालेला वायू सिलिंडर हेडपासून मागील नळीच्या तोंडापर्यंत नेणारी यंत्रणा, आणि मोटारीचा रोजचा वापर न बिघडवता तीत केले जाणारे बदल. मॅनिफोल्ड (सिलिंडरांची तोंडे एकत्र आणणारी ओतीव पेटी) किंवा हेडर (त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी देणारा संच), जोडनळ्या, सायलेन्सर, रेझोनेटर (ठरावीक स्वर दाबणारी पोकळी) व मागील नळी हे तिचे भाग. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः एका ओळीतील सहा सिलिंडरच्या इंजिनाचा विचार केला आहे.

या इंजिनांत १-५-३-६-२-४ हा ज्वलनक्रम जवळजवळ सर्वत्र आढळतो. क्रँकशाफ्टच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दर १२०° ला एक सिलिंडर पेटतो. त्यातून पुढचे तीन सिलिंडर वेगळे काढले, तर ते १, ३, २ या क्रमाने बरोबर २४०° च्या अंतराने पेटतात. मागचे तीनही ५, ६, ४ असे तेवढ्याच अंतराने. रस्त्यावरच्या मोटारीत एक्झॉस्ट झडप साधारण २४०° ते २६०° उघडी राहते. त्यामुळे एका गटातील सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत फारसा येत नाही. सहाही तोंडे एकाच अरुंद ओतीव पेटीत सोडली, की हा फायदा जातो. नळीचा व्यास, सायलेन्सरचा प्रकार वगैरे प्रश्न या विभागणीनंतरचे आहेत.

कारखान्यांना ही गोष्ट ठाऊक होती. १९४८ साली एक्सके १२० बरोबर आलेल्या जॅग्वारच्या इंजिनाला तीन-तीन सिलिंडरचे दोन ओतीव मॅनिफोल्ड होते. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सहा सिलिंडर इंजिनाला दुहेरी एक्झॉस्ट होता, आणि क्रायस्लरने तिरक्या सहा सिलिंडर इंजिनासाठी १९६० मध्ये दिलेल्या हायपर पॅक संचातही विभागलेले मॅनिफोल्ड होते. फोर्ड फाल्कनच्या लहान सहा सिलिंडर इंजिनात तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरची तोंडे अगदी शेजारी येतात. तेथे दुहेरी हेडर लावताना मधे पत्र्याचा दुभाजक बसवतात, नाहीतर दोन्ही गट तोंडापाशीच मिसळतात.

सायलेन्सरच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील मिल्टन व मार्शल रीव्ह्ज या बंधूंना १८९७ च्या पेटंटच्या आधारे बहुधा अग्रमान दिला जातो. काही लेखक हायरम पर्सी मॅक्सिम याचे नाव घेतात; मात्र त्याचे प्रसिद्ध पेटंट १९०९ चे आणि बंदुकीच्या सायलेन्सरचे आहे, म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तत्त्वाबद्दलचा वाद याहून महत्त्वाचा आहे. १९३० च्या दशकात मिशेल कॅडेनसी याने वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूमागे सिलिंडरमध्ये दाब घटतो या निरीक्षणावर पेटंटे घेतली व परिणामाला त्याचे नाव मिळाले. त्याचे कारण वायूच्या स्तंभाचे जडत्व, की नळीच्या उघड्या टोकावरून उलटून येणारी ऋण दाबलहर, यावर बरीच चर्चा झाली. आज लहरींचे स्पष्टीकरण सामान्यतः मान्य आहे. जडत्वाचा वाटा पूर्णपणे नाकारला जात नाही.

ही लहर इनटेक व एक्झॉस्ट या दोन्ही झडपा अंशतः उघड्या असतानाच परतावी, यासाठी हेडरच्या नळीची लांबी ठरवतात. एका प्रचलित सूत्राप्रमाणे, एक्झॉस्ट झडप खालच्या मृतबिंदूपूर्वी (पिस्टन सर्वांत खाली पोचण्यापूर्वी) ६०° ला उघडत असेल तर मिनिटाला ४,००० फेऱ्यांसाठी सुमारे १.२ मी. लांबी येते. एवढ्या सहा नळ्या बॉनेटखाली कोंबणे कठीणच. म्हणून रस्त्यावरच्या मोटारीला सहा-दोन-एक रचना, म्हणजे सहा प्राथमिक नळ्या आधी दोन दुय्यम नळ्यांत व मग एकीत जोडणारी, सोयीची ठरते. तीत प्राथमिक व दुय्यम नळ्यांची लांबी मिळून हिशेब जुळवता येतो. सहा-तीन-एक रचनेत ३६०° अंतराच्या जोड्या करतात, म्हणजे १ व ६, २ व ५, ३ व ४. त्यासाठी नळ्या इंजिनाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्याव्या लागतात. सहा-एक रचनेचा लाभ मुख्यतः वरच्या फेऱ्यांत दिसतो.

व्यास निवडताना मोठा तो चांगला असे समजण्याची प्रवृत्ती आहे. ढोबळ नियम असा : प्रत्येक अश्वशक्तीमागे मिनिटाला २.२ घनफूट वहन लागते, आणि सरळ नळीच्या दर चौरस इंच छेदातून ११५ घनफूट जाते. १५० अश्वशक्तीला यावरून आतला व्यास सुमारे १.९ इंच येतो. दोन इंची नळी जेमतेम पुरते. सव्वादोन इंची घेतली की नळीच्या वळणांतील अडथळ्याचीही भरपाई होते. पावणेदोन इंची दोन नळ्यांचे एकत्रित क्षेत्रफळ अडीच इंची एका नळीइतकेच भरते, तेव्हा दुहेरी नळीचे आकर्षण बरेचसे दिसण्याचे व आवाजाचे आहे. ‘इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच’ ही समजूतही तपासून घ्यावी. फार रुंद नळीने कमी फेऱ्यांतला जोर कमी होतो तो वायूचा वेग घटल्याने व लहरींचा मेळ चुकल्याने. शिवाय कार्ब्युरेटरचे मिश्रण बदलामुळे पातळ झालेले असू शकते. जेट (कार्ब्युरेटरमधील इंधन मोजून सोडणारे छिद्र) बदलून पाहिल्याशिवाय दोष नळीला देऊ नये.

कार्ब्युरेटर व एक्झॉस्ट एकाच बाजूला असलेल्या इंजिनांत, उदा. डॅटसन २४०झेडच्या २,३९३ घ. सेंमी. इंजिनात, दोन्ही मॅनिफोल्ड सामाईक बोल्ट व वॉशरखाली पकडलेले असतात. नव्या हेडरचा फ्लँज (हेडला टेकणारी जोडपट्टी) जुन्यापेक्षा एखादा मिलिमीटर जरी पातळ असला, तरी वॉशर एकाच बाजूवर टेकतो आणि दुसरीकडून हवा गळते. फ्लँजची जाडी आधी मोजावी. फरक असल्यास पायरीचे वॉशर करून घ्यावेत. काही इंजिनांत एक्झॉस्टची उष्णता इनटेक मॅनिफोल्डच्या तळाला पोचवलेली असते. हेडर लावल्यावर ती तुटते आणि थंडीत इंजिन अडखळते. इनटेक मॅनिफोल्डच्या तळाला इंजिनाचे गरम पाणी खेळवणारी पट्टी बसवणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे.

लांब हेडमुळे प्रसरणाचाही प्रश्न येतो. ३०४ स्टेनलेस पोलादाची एक मीटर नळी ६००° से. तापमानवाढीने सुमारे १० मिमी. लांबते, साधे पोलाद सुमारे ७ मिमी. क्रायस्लरच्या तिरक्या इंजिनात मॅनिफोल्डचे नट केवळ १० फूट-पौंड इतकेच आवळायचे असतात, ते त्याला सरकता यावे म्हणून. जोर लावून आवळल्यास ओतकाम तडकते. हेडरवर गुंडाळण्याची पट्टी बॉनेटखालची उष्णता कमी करते, पण ओलावा धरून साध्या पोलादाला गंज आणते. सिरॅमिक लेप महाग असला तरी अधिक बरा.

आवाजाचे गणित सोपे आहे. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना सहा सिलिंडरचे १५० हर्ट्झ होतात. दोन्ही गट शेवटपर्यंत वेगळे ठेवल्यास प्रत्येक नळीत ७५, आणि आवाज खरखरीत होतो. सायलेन्सरपूर्वी गट जोडले की तो मृदू होतो. केबिनमधील घुमणे बहुधा १०० ते १२५ हर्ट्झच्या आसपास असते. वायू सुमारे ३५०° से. असताना ११० हर्ट्झचे घुमणे दाबण्यासाठी बंद तोंडाची पाव-लहर शाखानळी (मुख्य नळीला जोडलेली, लहरीच्या पाव लांबीची नळी) १.१ मी.च्या जवळपास लागते. काचतंतू भरलेला सरळ सायलेन्सर वरच्या स्वरांना शोषतो, या घुमण्याला फारसा नाही. उभ्या मोटारीच्या आवाजाची मोजणी आयएसओ ५१३० प्रमाणे नळीच्या तोंडापासून ०.५ मी. अंतरावर, ४५° कोनात करतात.

व्ही-६ इंजिनात प्रत्येक ओळीचे तीन सिलिंडर आपोआप वेगळे पडतात. जुन्या विषम-ज्वलनाच्या ९०° ब्यूक इंजिनातही एकेक ओळ आपल्यापुरती समच असते. दोन्ही जोडल्यावर ठोके ९०° व १५०° असे पडतात. आडव्या सहा सिलिंडरच्या हवेने थंड होणाऱ्या पोर्श ९११ मध्ये केबिनची ऊब एक्झॉस्टभोवतीच्या उष्णता-विनिमयकांतून येते. उघडे हेडर लावल्यास ती जाते.