ऱ्हाइनलँडची पानपात्रे : प्रतिकृती

ऱ्हाइन नदीच्या परिसरात पंधराव्या ते सतराव्या शतकांत घडवल्या गेलेल्या स्टोनवेअर (कडक भाजलेल्या घट्ट मातीच्या) पानपात्रांच्या नंतरच्या काळातील नकला. मूळ पात्रांची प्रमुख केंद्रे झीगबुर्ग, कोलोनजवळचे फ्रेखेन, रेरेन (आता बेल्जियममध्ये) आणि वेस्टरवाल्ड ही होत. आपल्याकडची लोणच्याची चिनी मातीची बरणी याच जातीची. सुमारे 1200 अंश सेल्सिअसच्या वर भाजल्याने माती इतकी घट्ट होते, की झिलई नसली तरी बिअर झिरपत नाही.

झिलई मिठाची असे. भट्टी ऐन तापात आली की तिच्यात मीठ टाकत. त्याच्या वाफेतील सोडियम मातीतल्या सिलिकेशी संयोग पावून पात्रावर काचेचा पातळ, बारीक खळग्यांचा थर चढे. झीगबुर्गचा ‘श्नेले’ हा उंच, वर निमुळता होत जाणारा पांढुरका पेला, तर फ्रेखेनचा ‘बार्टमान’ हा गळ्यावर दाढीवाला चेहरा असलेला तपकिरी, पोटाळ जग. हे जग डच जहाजांतून दूरवर गेले. 1629 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘बाटाव्हिया’ जहाजाच्या अवशेषांतही ते सापडले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या जर्मन धाटणीने दिवाणखाने सजवण्याची टूम निघाली आणि नकलांना तेजी आली. वेस्टरवाल्डमधील होएर येथील राइनहोल्ड हांके व रेरेनचा हुबर्ट शिफर हे त्यांतले नाणावलेले कारखानदार. त्यांचा माल उघडपणे नव्या घडणीचा म्हणून विकला जाई. पुढे तो हातोहात फिरत ‘अस्सल’ झाला आणि संग्राहक फसले.

पात्रावर कोरलेल्या इसवी सालावर विसंबू नये. साल साच्यात असते; साचा वर्षानुवर्षे वापरला जाई आणि नकलेत तेही जसेच्या तसे उतरते. माप घेणे अधिक भरवशाचे. वाळताना व भाजताना ही माती साधारण दहा टक्के आकसते, त्यामुळे जुन्या पात्रावरूनच साचा काढला असेल तर नक्कल मुळापेक्षा लहान भरते आणि उठावाची चित्रे, विशेषतः चेहऱ्यांची नाके व शिक्क्यांची अक्षरे, बोथट दिसतात. मग पात्र उलटे करून बूड पाहावे. चाक फिरत असताना तारेने कापलेल्या बुडावर एकात एक वळसे उमटतात. साच्यात ओतून केलेल्या नकलेत ते नसतात. अर्थात चाकावर घडवणारा हुशार कुंभार तेही साधतो.

आजच्या प्रतिकृतींना मागणी आहे ती मुख्यतः ऐतिहासिक प्रसंग वेशभूषेसह पुन्हा उभे करणाऱ्या हौशी मंडळींची, संग्रहालयांतील दुकानांची आणि चित्रपटांची. मीठ टाकल्यावर भट्टीतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, म्हणून अनेक कुंभार मिठाऐवजी सोडा वापरतात. साध्या मातीच्या मध्ययुगीन पेल्यांवर मात्र शिशाची झिलई असे. ती शोभेच्या नकलेला चालेल, पिण्याच्या पेल्याला शिसेविरहित झिलईच हवी.