जर्मन स्मरण-चाकू व त्यांचा संग्रह

प्रवासाची आठवण म्हणून विकण्यासाठी किंवा जाहिरातीची भेट म्हणून वाटण्यासाठी जर्मनीत बनवलेले, पाते मुठीत दुमडणारे छोटे चाकू व ते जमवण्याचा छंद. यांतील बहुसंख्य चाकू ऱ्हाइनलँडमधील झोलिंगेन या शहरात तयार झाले. त्यांच्या भराचा काळ स्थूलमानाने १८८० ते १९१४ मानतात. उत्पादन त्यानंतरही चालू राहिले. संग्राहकांचा ओढा मात्र पहिल्या टप्प्याकडे अधिक आहे.

झोलिंगेनची ख्याती मुळात तलवारींची. चाकूवाल्यांचा संघ सोळाव्या शतकात पुढे आला आणि पेटर हेंकेल्स याने आपली जुळ्यांची खूण १७३१ मध्ये याच संघाकडे नोंदवली. एकोणिसाव्या शतकात पोलाद ठोकण्याचे काम कारखान्यांत गेले, तरी धार लावणे, मूठ बसवणे ही कामे बराच काळ घरोघरी व वुप्पर नदीकाठच्या पाणचक्क्यांवर होत. अर्धवट माल टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन स्त्रिया एका कारागिराकडून दुसऱ्याकडे पोहोचवत. एकच चाकू असा अनेक हातांतून जात असल्याने ‘अमुक कारखान्याचा चाकू’ हे म्हणणे बहुधा अर्धेच खरे असते.

कालनिश्चिती : संग्राहकांचा मुख्य वाद येथे आहे. पात्याच्या मुळाशी, जेथे ते मुठीत शिरते, तेथे धार नसलेला एक चौकोनी तुकडा असतो. संग्राहक त्याला ‘टँग’ म्हणतात. त्यावर ठसा असतो, आणि त्या ठशावरून वय सांगण्याची प्रथा आहे. तिचा पाया दोन कायद्यांत आहे. जर्मन मालावर इंग्लंडमधील शेफील्ड या चाकूंसाठी प्रसिद्ध शहराची नावे मारली जातात, अशी तेथील चाकूवाल्यांची जुनी तक्रार होती. ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारखूण कायद्याने, ब्रिटिश असल्याचा भास होईल अशा परदेशी मालावर मूळ देश लिहिणे भाग पाडले. अमेरिकेत १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्यान्वये मार्च १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक झाले. म्हणून ‘जर्मनी’ हा शब्द असलेला चाकू १८९१ नंतरचा व नसलेला त्याआधीचा, असे सरसकट सांगितले जाते.

या नियमाचा पूर्वार्ध बहुतांशी टिकतो, उत्तरार्ध टिकत नाही. जर्मनीतच विकायच्या मालावर हा इंग्रजी शब्द मारण्याचे कारण नव्हते. त्यामुळे कोलोन किंवा हायडेलबर्गच्या दुकानात घेतलेल्या चाकूवर तो नसला, तरी तेवढ्यावरून त्याला जुना ठरवता येत नाही. ‘पश्चिम जर्मनी’ असा ठसा असल्यास तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, जर्मनीच्या फाळणीच्या काळातला, एवढे निश्चित. मात्र त्या काळातही नुसते ‘जर्मनी’ किंवा ‘झोलिंगेन’ मारलेले चाकू निघत होते. झोलिंगेन या नावाला १९३८ मध्ये कायद्याचे स्वतंत्र संरक्षण मिळाले, पण त्याआधीही ते सर्रास वापरात होते.

ठशातले नाव अनेकदा बनवणाऱ्याचे नसून मागवणाऱ्याचे असते. न्यूयॉर्कचे आयातदार अॅडॉल्फ कास्टर यांचे नाव असलेले जर्मन चाकू हे याचे नेहमीचे उदाहरण. आयात चाकूंवर १८९७ मध्ये जकात वाढली आणि १९०२ मध्ये कास्टर यांनी न्यूयॉर्क राज्यातील कॅमिलस येथील कारखाना घेतला. तेव्हा त्यांचे नाव पाहून चाकू जर्मन ठरवणे धोक्याचे. सोबत देशाचे नाव हवे.

मुठीवरचे चित्र हा पूरक पुरावा. ते फक्त ‘याआधीचा नाही’ एवढेच सांगते, आणि तेही जपून. आयफेल मनोरा १८८९ चा, सेंट लुइसचे जागतिक प्रदर्शन १९०४ चे. कोलोनच्या कॅथीड्रलचे काम १८८० मध्ये पूर्ण झाले, पण पूर्ण शिखरांची चित्रे त्याआधीही काढली जात. म्हणून तेथे हा पुरावा लंगडा पडतो. अॅल्युमिनियमची मूठ सहसा १८९० च्या आधीची नसते, कारण तोवर हा धातू महाग होता.

प्रकार : ठशाने उठाव आणलेली धातूची मूठ, छापील सेल्युलॉइडची (एका जुन्या प्लॅस्टिकची) मूठ आणि शिंपल्याची मूठ हे मुख्य. धातूंत पितळ, अॅल्युमिनियम व जर्मन सिल्व्हर हे आढळतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल व जस्त यांचा तो मिश्रधातू. (मराठीत ‘जर्मनची भांडी’ म्हणतात ती बहुधा अॅल्युमिनियमची असतात, तो वेगळा गोंधळ.) बूट, बाटली, स्त्रीचा पाय अशा आकारांचे चाकूही निघाले.

विशेष मागणी भिंगाच्या चाकूंना आहे. मुठीत आरपार भोक, त्यात काचेची बारीक कांडी आणि तिच्या सपाट टोकाला डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसणारे छायाचित्र. उजेडाकडे धरून डोळ्याला लावले की ठिपक्याचा घाट, पूल किंवा धबधबा होतो. ही युक्ती फ्रेंच छायाचित्रकार रने दाग्रों याची. तिचे पेटंट १८५९ चे. अमेरिकेतील दारू-उत्पादक अॅडॉल्फस बुश भेटकार्डाऐवजी असे चाकू देत. भिंगात त्यांचीच छबी दिसे. भिंग शाबूत पण आतले चित्र उडालेले, अशी उदाहरणे पुष्कळ मिळतात.

पारख व जतन : पाते उघडताना व मिटताना खटका स्पष्ट वाजला पाहिजे. दगडावर घासून पाते अरुंद झालेले असल्यास किंमत निम्म्याहूनही खाली येते. ठसा पोलाद कडक करण्यापूर्वी ठोकलेला असतो, म्हणून त्याच्या कडा दबलेल्या दिसतात. आम्लाने नंतर कोरलेले अक्षर उथळ असते. जुन्या पितळेला चकाकी देणे जाणकार टाळतात. सेल्युलॉइड जुने झाले की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि त्याच डब्यातल्या शेजारच्या चाकूंची पातीही गंजतात. त्यामुळे असे चाकू वेगळे व हवेशीर ठेवतात; सेल्युलॉइड चटकन पेट घेत असल्याने दिव्याखालच्या काचपेटीत मांडत नाहीत.